शाळकरी मुलांसाठी उन्हापासून संरक्षणाचे शिक्षण : परिणामांचे मूल्यमापन

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून स्वतःचे रक्षण कसे करावे, याचे शिक्षण लहान वयातच देण्याचा उपक्रम ऑस्ट्रेलियात गेली चार दशके सुरू आहे. पुढे अमेरिकेसह इतर काही देशांनीही असे कार्यक्रम शाळांमधून राबविले. या उपक्रमांवर सार्वजनिक निधी खर्च होतो आणि मुलांच्या दीर्घकालीन आरोग्याचा प्रश्न त्यांच्याशी निगडित असतो. त्यामुळे या शिक्षणाचा प्रत्यक्ष परिणाम किती होतो, याची शास्त्रशुद्ध तपासणी होणे आवश्यक मानले जाते. आतापर्यंतच्या अभ्यासांतून एक बाब स्पष्ट झाली आहे. वर्गातील पाठामुळे मुलांच्या माहितीत भर पडते. मात्र मैदानावरील वर्तन बदलण्यासाठी टोपीचा नियम, पुरेशी सावली आणि खेळाच्या वेळांचे योग्य नियोजन यांची जोड द्यावी लागते.

पार्श्वभूमी

त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत ऑस्ट्रेलियाची गणना होते. तेथील किमान दोन तृतीयांश नागरिकांना आयुष्यात कधी ना कधी त्वचेच्या कर्करोगाचे निदान होते, असा अंदाज आहे. तेथील बहुसंख्य लोकसंख्या मूळची युरोपीय वंशाची व गोऱ्या वर्णाची आहे आणि देशाच्या मोठ्या भागात अतिनील किरणांची तीव्रता वर्षाचे अनेक महिने अधिक असते. या दोन बाबी एकत्र आल्याने ही परिस्थिती उद्भवली आहे. त्वचेच्या कर्करोगांपैकी मेलानोमा हा प्रकार सर्वांत घातक समजला जातो.

बालवयातील उन्हाला विशेष महत्त्व देण्यामागे शास्त्रीय कारण आहे. वयाच्या सुमारे दहाव्या वर्षानंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्यांमध्ये मेलानोमाचा धोका त्याच देशात जन्मलेल्यांपेक्षा बराच कमी असल्याचे १९८० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात झालेल्या संशोधनातून दिसून आले होते. शाळा भरण्याची वेळ आणि अतिनील किरणांच्या तीव्रतेची वेळ बहुतांशी एकच असते. मधली सुट्टी, खेळाचा तास आणि मैदानावरील स्पर्धा नेमक्या दुपारच्या सुमारास येतात. यामुळे प्रतिबंधाचे कार्य शाळेपासून सुरू करण्याचा विचार पुढे आला.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी व्हिक्टोरिया राज्यातील कर्करोग परिषदेने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम सुरू केली. अंगात सदरा घाला, सनस्क्रीन लावा आणि डोक्यावर टोपी चढवा, असा साधा संदेश सिड नावाच्या समुद्रपक्ष्याच्या व्यंगचित्रातून देण्यात येत असे. १९८८ मध्ये याच राज्यात ‘सनस्मार्ट’ हा व्यापक कार्यक्रम आकारास आला. १९९८ मध्ये सनस्मार्ट शाळांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. या योजनेत सहभागी होणाऱ्या प्राथमिक शाळेला लेखी धोरण स्वीकारावे लागते. रुंद काठाची अथवा मान झाकणारी टोपी, अंग झाकणारा गणवेश, सावलीची सोय, सनस्क्रीनचा वापर, अभ्यासक्रमातील पाठ आणि शिक्षकांचे स्वतःचे उदाहरण या बाबींचा त्यात समावेश असतो. टोपी न आणणाऱ्या विद्यार्थ्याला मोकळ्या मैदानावर खेळू न देता सावलीत थांबविण्याचा नियम तेथील शाळांमध्ये सर्वपरिचित आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २००३ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक साहित्य प्रसिद्ध केले. कार्यक्रम राबविण्याबरोबरच त्याचे मूल्यमापन करण्यावरही त्यात भर देण्यात आला होता.

नेमके काय मोजायचे?

मूल्यमापनातील पहिली अडचण कालावधीची आहे. सहा वर्षांच्या बालकाला आज दिलेल्या शिक्षणामुळे कर्करोग टळला किंवा नाही, हे समजण्यास तीस ते पन्नास वर्षे लागू शकतात. एवढा काळ थांबणे कोणत्याही शासनाला अथवा संशोधकाला शक्य नसते. त्यामुळे परिणाम टप्प्याटप्प्याने मोजला जातो.

पहिला टप्पा ज्ञानाचा. कार्यक्रमापूर्वी आणि नंतर प्रश्नावली देऊन मुलांना काय कळले, हे तपासता येते. ही पद्धत सोपी व कमी खर्चाची असल्याने तिचा वापर सर्वाधिक होतो. तथापि, टोपी घालावी हे उत्तर बरोबर लिहिणारे मूल मैदानावर टोपी घालतेच असे नाही.

दुसरा टप्पा वर्तनाचा. यासाठी मुलांना अथवा पालकांना विचारणे, रोजनिशी लिहून घेणे किंवा मैदानावर प्रत्यक्ष निरीक्षण करणे असे पर्याय आहेत. विचारून मिळालेल्या उत्तरांत एक दोष संभवतो. अपेक्षित उत्तर काय आहे, हे कार्यक्रमामुळेच मुलांना ठाऊक झालेले असते; साहजिकच तसे उत्तर देण्याकडे त्यांचा कल वाढतो. अशा वेळी शिकवणुकीचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा भासू शकतो.

तिसरा टप्पा शरीरावरील परिणामाचा. मुलाच्या मनगटावर किंवा कपड्यावर लावलेल्या पॉलिसल्फोन फिल्मच्या लहानशा बिल्ल्यामुळे त्याला दिवसभरात किती अतिनील किरण मिळाले, याचा अंदाज येतो. त्वचेवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजून ती उन्हाळ्यात किती काळवंडली, हेही ठरविता येते. अंगावरील तिळांची मोजणी हा आणखी एक महत्त्वाचा निकष आहे. गोऱ्या वर्णाच्या व्यक्तींमध्ये अंगावर तिळांची संख्या अधिक असणे हे मेलानोमाच्या वाढीव धोक्याचे लक्षण मानले जाते आणि हे तीळ प्रामुख्याने बालवयात निर्माण होतात. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत पालकांना सनस्क्रीन पुरविण्यात आलेल्या मुलांमध्ये, ते न पुरविलेल्या गटापेक्षा कमी नवे तीळ आढळले होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानंतर, शाळेतील कार्यक्रमांचे यश तपासण्यासाठी तीळ मोजणे उपयुक्त ठरू शकते, या विचाराला बळ मिळाले.

पर्थमधील ‘किडस्किन’ अभ्यास

शालेय कार्यक्रमाचे सर्वांत काटेकोर मूल्यमापन म्हणून पर्थ येथील ‘किडस्किन’ अभ्यासाचा उल्लेख केला जातो. १९९५ मध्ये पाच ते सहा वर्षे वयाची १,७७६ बालके या अभ्यासात घेण्यात आली. एकूण ३३ प्राथमिक शाळांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटातील १४ शाळांत नेहमीचाच आरोग्यविषयक अभ्यासक्रम सुरू ठेवण्यात आला. दुसऱ्या गटातील ११ शाळांत खास तयार केलेले पाठ अनेक वर्षे सलग शिकविण्यात आले. तिसऱ्या गटातील आठ शाळांत या पाठांच्या जोडीला उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी साहित्य पाठविण्यात आले आणि अंग अधिक झाकणारे पोहण्याचे कपडे अल्प किमतीत उपलब्ध करून देण्यात आले.

सुट्टीचा विचार करण्यामागे कारण होते. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याची दीर्घ सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते आणि मुलांना बरेचसे ऊन याच काळात समुद्रकिनारी वा घराच्या अंगणात लागते. शाळेचे फाटक बंद असताना शाळेच्या शिकवणुकीचा प्रभाव टिकतो काय, याची कसोटी यातून लागणार होती.

दोन वर्षांनंतरच्या तपासणीत विशेष कार्यक्रम राबविलेल्या दोन्ही गटांतील मुले उन्हात कमी वेळ राहत असल्याचे पालकांच्या माहितीवरून दिसून आले. केवळ सांगण्यावर न विसंबता त्वचेच्या रंगाचीही मोजणी करण्यात आली आणि उन्हाळ्याअखेर या मुलांची त्वचा तुलनेने कमी काळवंडल्याचे आढळले. तिळांच्या बाबतीत मात्र चित्र तितके ठळक नव्हते. कार्यक्रम राबविलेल्या गटांतील मुलांच्या अंगावर तीळ किंचित कमी होते. परंतु हा फरक योगायोगाने आलेला नाही, असे संख्याशास्त्राच्या आधारे ठामपणे म्हणता आले नाही. मुले मोठी होत गेली तसा कार्यक्रमाचा प्रभाव ओसरत गेल्याचेही नंतरच्या पाहणीत दिसले.

या अभ्यासाला एक मर्यादाही होती. कोणती शाळा कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आले नव्हते. त्यामुळे गटांमध्ये मुळातच काही फरक असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. असे असले तरी सांगितलेली माहिती, त्वचेचा रंग आणि तीळ असे तीन वेगवेगळे पुरावे एकत्र पाहण्याची पद्धत या अभ्यासाने घालून दिली. दुपारी बाहेर कमी वेळ घालविल्याने मुले स्थूल होतील काय, ही पालकांना भेडसावणारी शंकाही या अभ्यासात तपासण्यात आली. दुपारचा बाहेरचा वेळ आणि मुलांचे वजन यांचा तसा संबंध आढळून आला नाही.

कागदावरील धोरण आणि मैदानावरील चित्र

राष्ट्रीय योजनेचा प्रसार जाणून घेण्यासाठी १९९८, २००१ आणि २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्राथमिक शाळांची प्रश्नावलीद्वारे पाहणी करण्यात आली. लेखी धोरण असणाऱ्या आणि टोपी सक्तीची करणाऱ्या शाळांचे प्रमाण या काळात वाढल्याचे तीतून स्पष्ट झाले. योजनेत सहभागी शाळांची कामगिरी इतर शाळांपेक्षा सरस असल्याचेही नोंदविण्यात आले. मात्र ही माहिती शाळांनीच पुरविलेली होती.

क्वीन्सलँड राज्यातील टाउन्सविल परिसरात संशोधकांनी वेगळा मार्ग अवलंबिला. त्यांनी प्राथमिक शाळांच्या आवारात किती मुलांच्या व मोठ्यांच्या डोक्यावर टोपी आहे, याची प्रत्यक्ष मोजदाद केली. मधल्या सुट्टीत टोप्यांचे प्रमाण अधिक, तर शाळा भरण्यापूर्वी व सुटल्यानंतर ते बरेच कमी असल्याचे त्यांना आढळले. विशेष म्हणजे, सनस्मार्ट दर्जा मिळविलेल्या शाळा आणि तसा दर्जा नसलेल्या शाळा यांच्यात अपेक्षेएवढा फरक दिसून आला नाही. नियमावर देखरेख असेपर्यंत टोपी डोक्यावर राहते आणि घंटा वाजताच ती दप्तरात जाते, असा याचा अर्थ होतो. मुलांना ने-आण करणाऱ्या मोठ्या माणसांच्या डोक्यावरही टोपी क्वचितच दिसते, ही बाबही तेवढीच बोलकी आहे.

या दोन पाहण्या एकमेकींच्या विरोधी आहेत असे म्हणता येणार नाही. पहिलीने धोरणाचा प्रसार मोजला, तर दुसरीने धोरणाची अंमलबजावणी. मूल्यमापनाचा अहवाल वाचताना यांपैकी नेमके काय मोजले गेले आहे, हे प्रथम पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

किशोरवयीन विद्यार्थी आणि सावलीचा प्रयोग

अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्य सेवाविषयक तज्ज्ञगटाने २००४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. प्राथमिक शाळांतील कार्यक्रमांमुळे अंग झाकण्यासारख्या सवयींत सुधारणा होते, असा निर्वाळा या गटाने दिला. माध्यमिक शाळांच्या बाबतीत मात्र पुरेसा पुरावा नसल्याचे त्याने नमूद केले. किशोरवयात टोपीला होणारा विरोध, मित्रमंडळींचा प्रभाव आणि काही समाजांत उन्हाने रापलेल्या त्वचेविषयी असलेले आकर्षण यांमुळे या वयोगटात उपदेशाचा प्रभाव मर्यादित राहतो.

या पार्श्वभूमीवर मेलबर्न येथे करण्यात आलेला प्रयोग लक्षणीय आहे. तेथील ५१ माध्यमिक शाळांपैकी सुमारे निम्म्या शाळा चिठ्ठीपद्धतीने निवडून त्यांच्या आवारात कापडी छतांची सावली उभारण्यात आली. उर्वरित शाळांत ती त्या वेळी उभारण्यात आली नाही. विद्यार्थ्यांना कोणताही वेगळा पाठ देण्यात आला नव्हता. मधल्या सुट्टीत त्या जागी किती विद्यार्थी बसतात, एवढेच निरीक्षकांनी मोजले. सावली उभारलेल्या जागी प्रत्येक निरीक्षणामागे सरासरी अडीच ते तीन विद्यार्थी वाढल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. संख्या लहान असली तरी तिचा अर्थ महत्त्वाचा आहे. सावली मिळाल्यास किशोरवयीन मुले ती टाळत नाहीत आणि त्यासाठी त्यांचे मन वळविण्याची गरज पडत नाही.

खर्च आणि लाभ

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० मध्ये शाळांसाठी ‘सनवाइज’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचे आर्थिक विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गुंतविलेल्या प्रत्येक डॉलरमागे आरोग्यावरील दोन ते चार डॉलर खर्च वाचू शकतो, असा अंदाज त्यात वर्तविण्यात आला. व्हिक्टोरियातील सनस्मार्ट कार्यक्रमाच्या १९८८ ते २०१० या काळाच्या विश्लेषणात त्वचेच्या कर्करोगाचे सुमारे ४३ हजार रुग्ण टळल्याचा आणि प्रत्येक डॉलरमागे दोन डॉलरहून अधिक परतावा मिळाल्याचा अंदाज मांडण्यात आला आहे.

हे आकडे वाचताना सावधगिरी बाळगावी लागते. सनवाइजचा अंदाज प्रामुख्याने प्रश्नावलीतून दिसलेले वर्तन पुढेही टिकेल, या गृहीतकावर उभा आहे. सनस्मार्टच्या आकड्यांत शाळांबरोबरच दूरचित्रवाणीवरील जाहिराती व समाजातील इतर उपक्रमांचाही वाटा आहे. ऑस्ट्रेलियात चाळिशीच्या आतील व्यक्तींमध्ये मेलानोमाचे प्रमाण घटले आहे. संरक्षणाचे संदेश ऐकतच ही पिढी वाढली, हे खरे. मात्र त्यातील शाळेचा हिस्सा वेगळा काढून दाखविणे कठीण आहे.

संदेशाचीही तपासणी हवी

कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना शिकविली जाणारी माहिती अचूक आहे काय, हेही तपासावे लागते. आयुष्यभरात लागणाऱ्या उन्हापैकी ८० टक्के ऊन वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत लागते, असे विधान अनेक वर्षे शिक्षकांच्या पुस्तिकांतून व पत्रकांतून केले जात होते. २००३ मध्ये अमेरिकेतील लोकसंख्येविषयी प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार हे प्रमाण प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश एवढेच आहे. बालवय महत्त्वाचे आहे, हा मुद्दा त्यामुळे बाद होत नाही. मात्र अठराव्या वर्षानंतर काळजी घेऊन उपयोग नाही, असा चुकीचा समज जुन्या आकड्यामुळे निर्माण होत होता.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्नही असाच आहे. ते त्वचेत तयार होण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो. सरसकट ऊन टाळण्याचा सल्ला यामुळे योग्य ठरत नाही. ऑस्ट्रेलियात आता अतिनील निर्देशांक तीन किंवा त्याहून अधिक असतानाच संरक्षण घ्यावे, असे शिकविले जाते. व्हिक्टोरियातील शाळांत टोपीचा नियम साधारणतः ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत लागू असतो, तर उत्तर क्वीन्सलँडमध्ये वर्षभर संरक्षणाची गरज भासते. ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या बाबी असल्याचेही मुलांना समजावून सांगावे लागते. हवा थंड असली तरी निर्देशांक अधिक असू शकतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते.

भारतीय संदर्भ

भारतीयांच्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे अतिनील किरणांपासून काही प्रमाणात नैसर्गिक संरक्षण मिळते आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण येथे तुलनेने कमी आहे. दुसरीकडे, ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतात मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील कार्यक्रम जसाच्या तसा येथे आणणे उचित ठरणार नाही. देशाच्या बहुतांश भागात उन्हाळ्यातील मुख्य धोका उष्माघाताचा आहे. डोळ्यांवर होणारा परिणाम मात्र सर्वच वर्णांच्या व्यक्तींना लागू असून, अतिनील किरणांमुळे मोतीबिंदूचा धोका वाढतो. अंगात रंगद्रव्याचा जन्मजात अभाव असलेल्या मुलांना तर उन्हापासून विशेष संरक्षणाची आवश्यकता असते.

मेलबर्न, सिडनी आदी शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही तेथील शाळांचा टोपीचा नियम पाळावा लागतो. सावळ्या वर्णाच्या मुलांना याची कितपत गरज आहे, या प्रश्नाचा विचार ऑस्ट्रेलियातील आरोग्य संस्थांनी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेत करण्यात आला आहे. सर्वांना एकच सल्ला देण्याऐवजी त्वचेचा वर्ण व कर्करोगाचा धोका पाहून तीन गटांना वेगवेगळे मार्गदर्शन करण्याची शिफारस त्यात आहे.

भारतात शाळेच्या वेळा सकाळच्या सत्रात आणणे, पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा वाजविणे यांसारखे उपाय योजले जातात. त्यांचा परिणाम तपासताना वरील अभ्यासांची पद्धत उपयोगी पडू शकते. पाण्याची घंटा वाजल्यानंतर किती मुले प्रत्यक्ष पाणी पितात, हे परिपत्रकावरून समजत नाही. ते मोजावेच लागते.

शाळांना मूल्यमापन कसे करता येईल?

मोठा निधी अथवा उपकरणे नसतानाही शाळेला पुढील पद्धतीने पडताळणी करता येते.

१. कार्यक्रम सुरू करण्यापूर्वीची स्थिती नोंदवावी. आरंभीची नोंद नसल्यास नंतरच्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

२. मधल्या सुट्टीत मैदानावर किती मुले आहेत, त्यांपैकी किती सावलीत आहेत आणि किती जणांच्या डोक्यावर टोपी आहे, हे पूर्वसूचना न देता मोजावे. शाळा भरताना व सुटतानाही हीच नोंद घ्यावी.

३. पूर्वीची आणि नंतरची मोजणी शक्यतो वर्षाच्या त्याच महिन्यात व दिवसाच्या त्याच वेळी करावी. त्या दिवशीचा अतिनील निर्देशांक, तापमान आणि आकाश ढगाळ होते किंवा कसे, हे लिहून ठेवावे.

४. कार्यक्रम न राबविलेल्या जवळच्या शाळेतही अशीच मोजणी करावी. हवामानातील अथवा एकूण समाजातील बदलाचे श्रेय त्यामुळे चुकून कार्यक्रमाला जात नाही.

५. दुपारी बारा ते दोन या वेळेत आवारात प्रत्यक्ष किती सावली पडते, ते पाहावे. सकाळी सावलीत असणारी जागा दुपारी उघडी पडलेली असू शकते.

६. मुलांची नावे नोंदवू नयेत. त्वचेची तपासणी करावयाची झाल्यास ती पालकांच्या संमतीने व प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावी.

७. मुलांचा खेळ कमी झाला काय, टोपी नसल्याने कोणी मूल सतत एकटे पडते काय, टोपी घेणे न परवडणारी कुटुंबे आहेत काय, याचीही चौकशी करावी. नियमाचा भार गरीब मुलांवर पडत असल्यास शाळेने टोप्यांची व्यवस्था करणे इष्ट ठरते.

८. एक वर्षानंतर आणि शक्य असल्यास तीन वर्षांनंतर पुन्हा मोजणी करावी. पहिल्या महिन्यातील उत्साह पुढे टिकतो काय, हे त्याशिवाय कळत नाही.

मोजणीचे निष्कर्ष शिक्षक व पालकांसमोर मांडून त्यानुसार कार्यक्रमात बदल करणे अपेक्षित आहे. मुलांना सर्व उत्तरे येत असूनही मैदानावर टोप्या दिसत नसतील, तर आणखी एक पाठ घेण्यापेक्षा एखादे झाड लावणे, छप्पर उभारणे किंवा खेळाचा तास सकाळी घेणे अधिक फलदायी ठरण्याची शक्यता असते.